मी घेत नाही

सभ्य मराठी घरात दारू कुणी पीत नाही. लोक 'घेतात'. नाहीतर 'बसतात'. "शनिवारी बसायचं काय?" असं श्रीनिवास शिंत्रे फोनवर मित्राला विचारायचा तेव्हा खुर्ची, पाट, सतरंजी यांचा त्यात काही संबंध नसायचा, आणि हे त्याच्या मुलाला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. 'पिणे' हे क्रियापद आपण दुसऱ्यांच्या घरासाठी राखून ठेवलेलं आहे. समोरचा अमका पितो. आपला तमका कधीमधी घेतो. बाटली तीच असते.

श्रीनिवासची बायको हेमांगी मिरजेतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं मराठी शिकवत होती. तिला हा फरक फार मोलाचा वाटायचा. "शब्दांना कपडे असतात रे," ती अकरावीच्या पोरांना सांगायची, "चारचौघांत जाताना नीट घालून जावं." व्याकरणात तर ती भलतीच कडक. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी दिसलं नाही की तिच्या लाल पेनाला चैन पडत नसे. मुलं पाठीमागे तिला 'कर्मबाई' म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं आणि मनातून तिला आवडलंही होतं.

पुढे जे झालं ते तिच्या सभ्यपणामुळे झालं. वाईटपणामुळे झालं असतं तर स्वतःवर निदान धडपणे चिडता तरी आलं असतं.

हे सगळं झालं त्याच्या आदल्या वर्षी बारावीचा शेवटचा पेपर सुटल्यावर पोरं गावाबाहेरच्या एका मळ्यात जमली होती. दर वर्षी जमत. त्या दुपारी प्रणीत नावाचा मुलगा, पट्टीचा पोहणारा, भरपूर पिऊन विहिरीत उतरला आणि वर आलाच नाही. प्रणीत शिंत्र्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. हेमांगीचा एकुलता एक मुलगा ओजस त्याच्याहून एका वर्षानं लहान. दोघं जिन्यात क्रिकेट खेळत वाढलेले. ओजसनं त्याला खांदा दिला, घरी येऊन आंघोळ केली आणि त्या दिवसाबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

कॉलेजनं मग करायचं ते सगळं केलं. फलक लावले, व्याख्यानं ठेवली, यकृताची रंगीत चित्रं दाखवली, उजवा हात पुढे करून शपथ दिली. शपथ घेणाऱ्यांपैकी निम्मे गणेशोत्सवात विसर्जनानंतर नदीकाठी पिताना सापडले. हेमांगी रोज जिना चढताना वरच्या दाराकडे बघायची. पुढच्या मार्चमध्ये ओजसचा शेवटचा पेपर होता.

अशात डॉ. नौशाद मुजावर तिला भेटायला आला. बारा वर्षांपूर्वी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा हा मुलगा आता मेंदूशास्त्रज्ञ झाला होता, पण तिच्यासमोर अजून उभ्यानंच बोलायचा.

"बाई, अठरा वर्षांचं पोरगं दारूसाठी दारू पीत नाही," तो म्हणाला. "आपण कोण आहोत ते चार जणांना दाखवायला पितं. तुम्ही त्याला यकृत दाखवताय. त्याला यकृताशी काय देणंघेणं?"

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. कपाळाच्या मागे, बरोबर मध्यरेषेवर, मेंदूचा एक भाग आहे. मिरज कुठल्या जिल्ह्यात आहे असं विचारलं तर तो ढिम्म राहतो. 'तू भित्रा आहेस का?' असं विचारलं की खडबडून जागा होतो. माणसाचं 'मी' तिथं राहतं असं म्हणणं भाबडेपणाचं आहे, पण तिथून त्याची ये-जा असते एवढं नक्की. 'दारू वाईट' ही माहिती या भागात कधी शिरतच नाही. ती शाळेच्या इतर माहितीबरोबर दुसरीकडे पडून राहते. 'मी पिणाऱ्यांतला' हे मात्र नेमकं इथं जाऊन बसतं, आणि एकदा बसलं की माणूस त्याला जागतो.

आता, गाढ झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी पुन्हा चाळतो आणि त्यातल्या काही कायमच्या जागी हलवतो. नौशादच्या गटानं कपाळावर बांधायची एक मऊ पट्टी बनवली होती. गाढ झोपेची लाट वर चढली की ती पट्टी झोपलेल्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेलं एक छोटं वाक्य कानाशी लावायची आणि त्याच क्षणाला, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा एक हलका ठोका कपाळामागच्या त्या भागाला द्यायची. असं एकवीस रात्री. मग ते वाक्य 'मला माहीत आहे'च्या कप्प्यातून 'मी असा आहे'च्या कप्प्यात जायचं.

कागदोपत्री तिचं नाव 'आत्मवाक्य पट्टी'. पोरांनी पहिल्याच दिवशी तिला 'सटवाई' करून टाकलं. बाळाच्या जन्मानंतर येऊन कपाळावर नशीब लिहून जाते ती सटवाई. हेमांगीला या नावाचं हसू आलं होतं. पुढे येईनासं झालं.

वाक्याचे नियम दोनच होते. ते 'मी'नं सुरू व्हावं आणि तीन शब्दांत संपावं, कारण लाट तेवढीच टिकते. प्रत्येकानं आपलं वाक्य आपण लिहायचं, आणि मराठी वाक्यं हेमांगीबाईंनी तपासायची. गठ्ठा आला. एकानं लिहिलं होतं, 'मी दूधच पितो'. दुसऱ्यानं, 'मी शुद्धीत असतो'. बऱ्याच जणांनी सरळ 'मी दारुडा नाही' असं लिहिलं होतं. पालकसभेत यावरून गदारोळ झाला. "एकवीस रात्री पोरांच्या कानात दारू-दारू?" एक वडील उठून म्हणाले. "नामस्मरण आहे काय ते?" हेमांगीला ते पटलं. आपल्या पोराच्या 'मी'ला चिकटून तो शब्द जन्मभर राहावा, हे तिला कसंसंच वाटत होतं.

ओजसचा कागद गठ्ठ्यात सर्वांत खाली होता. त्यावर लिहिलं होतं, 'दारू नको मला'.

तिनं लाल पेन उचललं. 'मी' सुरुवातीला नव्हतं. 'दारू' मात्र अगदी तोंडावर होती. तिनं ते खोडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी घेत नाही'. तीन शब्द, सभ्य, कुठल्याही लग्नात, कुठल्याही बैठकीत माणसानं हात जोडून म्हणावं असं. वाक्य तिला इतकं आवडलं की ज्यांची ज्यांची वाक्यं बिघडलेली होती त्या एक्केचाळीस मुलांना तिनं तेच दिलं.

संगणकात भरताना वाक्याखाली एक पिवळी रेघ उमटली. 'कर्म आढळले नाही', असं बाजूला लिहून आलं. हेमांगीला रागच आला. बावीस वर्षं जगाला कर्म शिकवणाऱ्या बाईला हे यंत्र कर्म शिकवणार! तिनं 'दुर्लक्ष करा' हे बटण दाबलं.

"आई, माझंच बरं होतं की," ओजस संध्याकाळी म्हणाला. "त्यात 'नको' होतं."

"ते 'मी'नं सुरू होत नव्हतं."

"मग यात काय घेत नाही, ते कुठंय?"

"गाढवा, कळतंय की ते सगळ्यांना."

"झोपेत पण कळेल?"

"झोपेत पण कळेल," हेमांगी म्हणाली आणि भाजी परतायला वळली.

तीन जानेवारीला पट्ट्या बांधल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर होता. ओजस बूट घालत असताना हेमांगी दह्याची वाटी घेऊन दारात आली. परीक्षेचा पहिला दिवस असो, प्रवास असो, घरातून निघणाऱ्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवायचं, ही तिच्या आईची पद्धत. ओजसनं न बघताच उजवा तळहात पुढे केला, दही चाटलं, हात पँटला पुसला आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. आपण हे शेवटचं बघतोय हे तिला कसं कळणार? कळलं असतं तर तिनं पँटवरून ओरडा केला नसता.

एकवीस रात्री ओजसनं एकही चुकवली नाही. बाकीची पोरं पट्टी टोचते म्हणून मधेच काढून टाकत. हेमांगी मात्र रोज सकाळी ओजसच्या कपाळावरचा वळ बघायची आणि समाधानानं चहा टाकायची.

बोर्डाच्या पहिल्या पेपराला हेमांगीला दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षणासाठी पहाटेच निघावं लागलं, दही राहूनच गेलं. मार्चमध्ये शेवटचा पेपर सुटला. पोरं मळ्यात जमली, गाणी झाली, बाटल्याही आल्या. दुसऱ्या कॉलेजातल्या मुलांनी ग्लास पुढे केले तेव्हा पट्टीवाली पोरं हसून मागे सरली. जबरदस्ती नाही, भाषण नाही, कुणाला मोह आवरावा लागला असंही नाही. ते त्यांच्यातले नव्हतेच, इतकं साधं. संध्याकाळी सगळी आपापल्या पायांनी घरी आली. ओजस जिना चढताना हेमांगीनं ऐकला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली.

कॉलेजनं तिचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. मुलांचा प्रतिनिधी म्हणून ओजसला गुलाबाचं फूल द्यायला प्राचार्य पुढे झाले, तेव्हा त्यानं नुसते हात जोडले. "किती नम्र!" पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. हेमांगीनंही वाजवल्या.

दोन दिवसांनी श्रीनिवासनं गाडीची किल्ली ओजसकडे फेकली. जिन्यातला यष्टिरक्षक तो. आजवर त्याच्या हातून साधी काडेपेटीसुद्धा निसटली नव्हती. किल्ली त्याच्या छातीवर आपटून खाली पडली. हात उचललेच गेले नाहीत. ओजसनं क्षणभर किल्लीकडे पाहिलं, मग वाकून ती जमिनीवरून उचलली आणि गेला.

"लक्ष कुठं असतं ह्याचं?" श्रीनिवास म्हणाला.

हेमांगी मात्र त्या दिवसापासून बघू लागली आणि बघता बघता तिच्या लक्षात येत गेलं. ओजस हातातून पाण्याचा पेला घेत नव्हता. ओट्यावर ठेवला तर उचलत होता. तिनं ताटात पोळी वाढली की त्याचा घास थांबायचा. ताट तसंच ठेवून तो उठायचा, डब्यातून स्वतः पोळी काढायचा आणि मग जेवायचा. आजारी मावशीनं पाठवलेला सदरा आठवडाभर सोफ्यावर पडून राहिला. तिनं केसांवरून हात फिरवला तर त्याचा चेहरा सभ्यपणे स्थिर व्हायचा, बस अजून आली नाही म्हणून थांब्यावर उभ्या असलेल्या माणसासारखा.

त्याच सुमारास बेडगहून शालन मगदूम कॉलेजात आल्या. त्यांची मुलगी एक्केचाळिसांतली.

"बाई, आमच्या पोरीचं काय झालंय बघा की ओ," त्या म्हणाल्या. "मामाच्या लग्नाला कासारीन आलती दारात. समद्या पोरींनी बांगड्या भरल्या. हिनं हातच फुडं केला न्हाई. म्हनती, 'मी घेत न्हाई.' आगं, बांगड्या व्हत्या त्या! दारू हाय व्हय?"

 हेमांगी तशीच रिक्षा करून नौशादच्या प्रयोगशाळेत गेली.

नौशादनं ओजसची तपासणी केली. दोन दिवस घेतले. मग तिला बोलावून त्यानं पडद्यावर दोन चित्रं दाखवली. तो पहिल्यांदाच तिच्यासमोर बसून बोलला.

"बाई, क्रियापद मेंदूत शब्दकोशात असल्यासारखं नसतं. 'चावणे' ऐकलं की जबडा हलवणारी जागा जागी होते. 'लाथाडणे' म्हटलं की पायाची. आपण 'पिणे' वापरलं असतं तर ओठ आणि जीभ. 'घेणे'..." त्यानं चित्रावर बोट ठेवलं. "ही तळहाताची जागा. नकार इथं येऊन बसलाय."

"आणि कर्म?" हेमांगीनं विचारलं.

"जागेपणी कर्म आपण प्रसंगावरून भरतो. समोर ग्लास आहे, चार मित्र आहेत, म्हणजे दारू. गाढ झोपेत प्रसंग नसतो. वाक्य जसंच्या तसं आत जातं. रेघ आली होती, बाई. पिवळी."

"मी दुर्लक्ष केलं."

"मी पण तुमचं मराठी तपासायला गेलो नाही."

 मग हेमांगीनं जे तिला रात्रंदिवस खात होतं ते विचारलं. "श्वास घ्यायचा थांबणार नाही ना रे?"

"नाही. श्वास मेंदूच्या देठाकडे असतो. तिथं मराठी पोचत नाही."

ज्यांनी पट्टी मधेमधे काढली होती त्यांचा ठसा पुसट होता. तो आपोआप विरेल, असं नौशाद म्हणाला, आणि तसंच झालं. शालनबाईंच्या मुलीनं एप्रिलमध्ये हिरव्या बांगड्या भरल्या. पण एकवीसच्या एकवीस रात्री पूर्ण करणारा एकच होता. त्याचा ठसा खोल होता, आणि शेवटच्या रात्रीपासून शंभर दिवसच तो ओला राहणार होता. तीन मेपर्यंत. त्याच्या आत सुरुवात केली तर उलटवता येईल, नंतर नाही.

"मग उलटव की!"

"उलट वाक्य त्याच शब्दांचं हवं. फक्त 'नाही' काढायचं. नवीन शब्द घातले तर नवीन वाक्य जुन्याच्या शेजारी जाऊन बसतं, त्याच्या जागी बसत नाही." नौशाद टेबलाकडे बघत म्हणाला, "मग वाक्य उरतं, 'मी घेतो'."

 "नौशाद, 'मी घेतो' म्हणजे मराठीत काय होतं माहितेय तुला?"

"मराठी तुम्हीच शिकवलीत, बाई."

म्हणजे एका बाजूला असा मुलगा, जो कुणाच्या हातून काही घेणार नाही. दुसऱ्या बाजूला असा मुलगा, ज्याच्या कपाळामागे 'मी पिणारा आहे' हे कायमचं कोरलेलं असेल. ज्या भीतीनं हे सगळं सुरू केलं तीच भीती आता स्वतःच्या हातानं निवडायची होती. तेही हेमांगीच्या हातात नव्हतं, कारण ओजसला अठरा पूर्ण झाली होती आणि सही त्याची लागणार होती.

ओजस म्हणाला, "मी उपचार घेत नाही."

तो भांडला नाही, चिडलाही नाही. त्यानं ते 'मला कारलं आवडत नाही' इतक्या सहज सांगितलं. हेमांगीनं समजावलं, रागावली, अबोला धरला. अबोल्याचा उपयोग होत नाही हे तिला चौथ्या दिवशी कळलं. जो काही घेतच नाही त्याला न देण्याचा धाक काय घालणार?

दुखावणारी गोष्ट ही, की ओजस वाईट झाला नव्हता. उलट देण्यात त्याचा हात आता फार सैल झाला होता. त्यानं आपली बॅट खालच्या पोरांना देऊन टाकली, सायकल वॉचमनला दिली. सकाळी आईचा चहा तो करायचा, तिच्या हातात कप द्यायचा आणि ती पिईपर्यंत समोर बसायचा. ती तो चहा प्यायची. आई असून मुलाला द्यायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

"म्हणू दे की त्याला 'मी घेतो'," श्रीनिवास एकदा म्हणाला. "मी घेतोच की. मेलोय का?"

हेमांगीनं फक्त वरच्या मजल्याकडे बघितलं. त्या महिन्यात श्रीनिवास एकदाही कुठं बसायला गेला नाही. त्यानं काही फरक पडणार नव्हता, पण त्या बिचाऱ्याला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

तीस एप्रिलला हेमांगीचं ठरलं. घेऊ दे. सगळंच घेऊ दे, दारूसुद्धा घेऊ दे. दारूशी मी भांडेन, जन्मभर भांडेन, पण माझ्या हातचा घास तर घेईल. ठरलं, आणि मग तिच्यातली व्याकरणाची बाई जागी झाली. घे म्हणायचंच नाही. क्रियापद बदलायचं.

दुपारी ओजस आमरसासाठी आंबे पिळत बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"ओजस, मला एक देशील?"

"काय?"

"एकवीस रात्री."

तो थांबला. मग त्याला हसू आलं, कित्येक दिवसांत पहिल्यांदा अगदी जुनं हसू. "व्याकरण करतेयस, आई."

"करतेय. देशील?"

"देतो की," तो म्हणाला. आणि त्यानं खरंच सही केली. त्या तीन दिवसांत हेमांगी जिना चढताना गुणगुणत होती.

तीन मेला सकाळी अकरा वाजता ओजस प्रयोगशाळेतल्या काचेच्या खोलीत ध्वनिमुद्रकासमोर बसला. कपाळावर पट्टी होती. वाक्य म्हणताना पडद्यावरची एक रेषा वर उसळली तरच ते त्याच्या 'मी'नं स्वीकारलं असं होणार होतं. नाहीतर दुसऱ्याचं पत्र मोठ्यानं वाचण्याइतकाच त्याचा उपयोग.

"मी घेतो," ओजस म्हणाला.

रेषा आडवीच राहिली.

"मी घेतो." जरा मोठ्यानं. "मी घेतो."

त्यानं ते नऊ वेळा म्हटलं. घाम येईपर्यंत म्हटलं. काचेपलीकडे आईकडे बघत म्हटलं. तो मनापासून देत होता, हे हेमांगीला दिसत होतं. पण रेषेला काहीच ऐकू आलं नाही. दहाव्या वेळी तो "मी" म्हणाला आणि थांबला. त्यानं पट्टी काढून टेबलावर ठेवली.

बाहेर येऊन तो तिच्याजवळ बसला. "आई, तुला एक सांगायचंय. गेल्या वर्षी मळ्यात मीही होतो."

हेमांगी त्याच्याकडे वळली.

"प्रणीतनं नेलं होतं मला. मी अकरावीतला, एकटाच बारका. सगळ्यांनी मिळून माझ्या हातात ग्लास दिला. मला नको होता. पण 'नको' म्हणताच येईना. सगळे हसायला लागले. तेव्हा प्रणीतनं तो माझ्या हातातनं काढून घेतला. म्हणाला, 'पोराला सोडा रे. त्याचा मी घेतो.'" ओजसनं तळहाताकडे पाहिलं. "मी घेतो. हेच म्हणाला तो, आई. आधीचे झालेच होते त्याचे. माझा शेवटचा होता. मग तो पोहायला गेला. हे वाक्य माझं कसं होईल, सांग?"

'दारू नको मला'. त्या दुपारी जे त्याच्या तोंडून फुटलं नव्हतं, तेच ओजसनं वर्षभरानं कागदावर लिहिलं होतं. स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या तीन शब्दांत. आणि तिनं ते लाल पेनानं खोडलं होतं, का, तर शब्द चांगल्या घरातला नव्हता.

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"दारूचं घरात कसं बोलायचं?" ओजस म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं तेच त्यानं सांगितलं.

नौशादनं दिवे मालवायला सुरुवात केली.

ऑगस्टमध्ये ओजस दापोलीला कृषी महाविद्यालयात निघाला. अर्ज त्यानंच भरला होता, बॅग त्यानंच भरली. श्रीनिवास खाली रिक्षा थांबवून उभा होता. ओजस बूट घालत होता आणि हेमांगी नेहमीसारखी वाटी घेऊन दारात आली. येऊ नये असं तिनं ठरवलं होतं. पण पाय आले.

तिनं चमचा पुढे केला. ओजसचा उजवा हात त्याच्या मांडीजवळ होता. त्यानं हाताकडे पाहिलं. तो उघडावा म्हणून तो झटत होता, हे त्याच्या मनगटाची शीर सांगत होती. बोटं थोडी हलली, मग मिटली ती मिटलीच.

"आई, नको," तो हळूच म्हणाला. "त्रास होतो."

"बरं," हेमांगी म्हणाली. तिनं चमचा वाटीत टाकला आणि वाटी चपलांच्या कपाटावर ठेवली. आता काय करायचं असतं, हे तिला आठवेना.

ओजसनं वाटी कपाटावरून उचलली. तिचा उजवा हात धरला, तळहात उलगडला आणि त्यावर चमचाभर दही ठेवलं, अगदी ती ठेवायची तसं, मधोमध. "तू घे," तो म्हणाला. आणि मग, "येतो."

तो जिना उतरून गेला. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, वळणावर गेल्याचा आला, मग आला नाही. जाणारा गेला होता आणि शकुनाचं दही मागे राहिलेल्या बाईच्या हातावर होतं. ते बोटांच्या फटीतून मनगटाकडे ओघळायला लागलं, तेव्हा मुलानं दिलंय, ते वाया जाऊ नये म्हणून हेमांगीनं दही घेतलं.